पाठ टेकणाऱ्याची कला

गेल्या वर्षीच्या सहामाही परीक्षेच्या आधीची गोष्ट. मी शाळेत चित्रकला शिकवते. सहावीच्या वर्गात फळ्यावर पणतीचे चित्र काढून देत होते आणि मागच्या बाकांवर कसलीशी कुजबूज चालली होती. वळून पाहिले तो एक मुलगी डोळे पुसत होती आणि तिच्या भोवतीची तीन-चार मुले हसत होती. चौकशी केली, तेव्हा कळले की आदल्या रात्री मोबाइलवर पाहिलेल्या कुस्तीत तिचा आवडता मल्ल हरला होता. "अगं, ते सगळं खोटं असतं. आधीच ठरलेलं असतं!" असे म्हणून मुले तिला चिडवीत होती. मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "बाई, ते खरंच खोटं असतं का?"

"आधी पणती पुरी कर," असे म्हणून मी वेळ मारून नेली. मास्तरकीच्या धंद्यात ही युक्ती फार उपयोगी पडते. पण घरी आल्यावर मनाला चुटपुट लागली. कारण हा प्रश्न मला नवा नव्हता. गेली तीस-बत्तीस वर्षे मीही तो अधूनमधून स्वतःला विचारीत आले आहे. दिवाळी अंकाच्या पानावर, आणि तेही बायकामाणसाने, ही कबुली देणे थोडे संकोचाचे आहे खरे. परंतु मी दोरांच्या चौकटीतल्या त्या आरडाओरडीच्या, रंगीबेरंगी पोशाखांच्या परदेशी कुस्तीची लहानपणापासूनची चाहती आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढे चित्रशिक्षकाची पदविका. दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्याही शाळा सांभाळून. तेव्हा या लेखात पंडितांची वचने सापडणार नाहीत. आपण नाटकाकडे किंवा कादंबरीकडे ज्या दृष्टीने पाहतो, त्या दृष्टीने या कुस्तीकडे पाहिले तर काय दिसते, एवढेच मला सांगायचे आहे.

आम्ही त्या वेळी भाईंदरला पश्चिमेकडे, मिठागरांच्या बाजूच्या एका चाळीत राहत होतो. १९९३ च्या सुमारास चाळीत केबल आली, आणि तिच्याबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएफ आले. तोपर्यंत संध्याकाळी लगोरी आणि लंगडी खेळणारी पोरे एकाएकी एकमेकांच्या पोटावर कोपर मारू लागली. दुकानांत मल्लांच्या पत्त्यांचे जोड मिळत. प्रत्येक पत्त्यावर मल्लाचे चित्र आणि खाली उंची, वजन, छाती, दंड, किती कुस्त्या खेळला, किती जिंकला यांचे आकडे. माझे पाढे कच्चे होते, पण अंडरटेकरची उंची आणि योकोझुनाचे वजन मला झोपेतही सांगता आले असते. १९९६ साली 'खिलाडियों का खिलाडी' हा चित्रपट आला आणि त्यात अक्षयकुमारने अंडरटेकरला उचलले, तेव्हा चाळीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पुढे पुष्कळ वर्षांनी समजले की त्या चित्रपटातला अंडरटेकर हा अंडरटेकर नव्हताच. ब्रायन ली नावाचा दुसराच मल्ल त्याच्या वेषात उभा होता. सोंगाचेही सोंग! आम्ही मात्र त्या सोंगासाठी भांडलो होतो.

घरात या सगळ्याला कडवा विरोध होता तो अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. अण्णा कोल्हापूरकडचे. गावच्या तालमीत वाढलेले. पहाटे उठून जोर-बैठका, मग माती. ती माती म्हणजे नुसती माती नव्हे; तिच्यात ताक, तेल, हळद मिसळून ती लोण्यासारखी मऊ करायची आणि मग मारुतीला नमस्कार करून हौदात उतरायचे. शाहू महाराजांनी बांधविलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. वाटीसारखे गोल, मधोमध हौद आणि भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्या, त्यामुळे शेवटच्या माणसालाही मल्लाची पाठ दिसावी. हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळविणारे खाशाबा जाधव, १९५९ सालचे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, त्यांच्यामागून झालेले गणपत आंदळकर ही अण्णांची दैवते. त्यांच्या लेखी कुस्ती एकच, निकाली. पाठ लागली की संपले. बरोबरीत सोडविलेल्या कुस्तीबद्दलही ते नाक मुरडीत, मग दूरदर्शनवरच्या या नाचाबद्दल काय बोलावे! "लुटुपुटीची कुस्ती," एवढेच म्हणून ते पेपर तोंडापुढे धरीत.

अण्णांचा हा राग केवळ म्हातारपणाचा नव्हता. १९६६ च्या सुमारास ते गिरणीत कामाला म्हणून मुंबईला आले. त्या काळी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगांच्या फ्रीस्टाइल कुस्त्या म्हणजे मुंबईचा मोठा उत्सव असे. हंगेरीत जन्मलेला, दोनशे किलोंच्या आसपास वजनाचा किंग काँग आणि त्याच्यासमोर दारासिंग, ही जोडी त्या पिढीच्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. १९६८ साली मुंबईतच दारासिंगांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवून जगज्जेतेपद मिळविले. अण्णांनी वरळीला दोन-तीनदा तिकिटे काढली आणि मग जाणे सोडले. "दाराचं अंग खरं, कुस्ती खरी न्हाई," हा त्यांचा निकाल होता.

गंमत अशी की १९८७ साली रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले आणि त्यात हनुमान म्हणून हेच दारासिंग आले, तेव्हा अण्णा रविवारी सकाळी आंघोळ करून टीव्हीसमोर बसत आणि हात जोडीत. चाळीतली निम्मी माणसे हात जोडीत. वरळीच्या चौकटीत दारासिंग कुस्तीगिराचे सोंग घेत होते असे जरी धरले, तरी ते निदान कुस्तीगीर होते; इथे तर ते देवाचे सोंग घेत होते. मग एका सोंगाला लुटुपुटीचे म्हणायचे आणि दुसऱ्या सोंगाला नमस्कार करायचा, हे कसे? लहानपणी हा प्रश्न अण्णांना विचारण्याची माझी छाती नव्हती. आज उत्तर सापडल्यासारखे वाटते. हनुमानाचे सोंग हे सोंग म्हणून समोर आले होते. कुस्ती मात्र कुस्ती म्हणून समोर आली होती. आपला राग सोंगावर नसतो, फसवणुकीवर असतो. कोकणातल्या दशावतारात राक्षस आरोळी ठोकीत येतो तेव्हा तो पहाटेपर्यंत मरणार हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून कोणी उठून जात नाही. उलट तो मरतो कसा हे पाहायलाच मंडळी जागतात. निळू फुल्यांनी पडद्यावर इतके पाटील आणि सरपंच वाईट करून दाखविले की खेड्यापाड्यांतल्या बाया त्यांच्या नावाने बोटे मोडीत. ती त्यांच्या अभिनयाला मिळालेली पावतीच होती.

आता या परदेशी कुस्तीवाल्यांनी आपले सोंग किती काळ झाकून ठेवले? पुष्कळ काळ. चौकटीत वैरी असलेल्या दोघांनी बाहेर एकत्र जेवायचेसुद्धा नाही असा त्यांचा दंडक होता. परंतु १९८९ साली डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सरकारपुढे स्वतःहूनच सांगून टाकले की आमचा हा खेळ म्हणजे स्पर्धा नसून करमणूक आहे. कारण अर्थात पैशाचे होते. खेळ म्हटला की सरकारी क्रीडामंडळाची देखरेख आणि कर आले, करमणूक म्हटली की ते टळले. कसे का असेना, झाकण उघडले. भाईंदरच्या चाळीत केबल आली त्याच्या आधीच ते उघडलेले होते. बातमी आमच्यापर्यंत पोहोचली नव्हती इतकेच.

मला ती कोणी सांगितली नाही. ती मला चित्रकलेने सांगितली. चौदा-पंधरा वर्षांची असताना मला माणसांची चित्रे काढण्याचा नाद लागला, आणि फुकट मिळणारे आदर्श म्हणजे हे मल्ल. एक मल्ल दुसऱ्याला डोक्यावर उचलतो आहे, असे एक चित्र मी काढीत होते. चित्र काही केल्या जमेना. उचलणारा पुढे कोलमडेल असेच दिसे. चित्र काढताना पहिला प्रश्न असतो, वजन कुठे आहे? ते शोधण्यासाठी मी पुढच्या कार्यक्रमात डोळ्यांत तेल घालून पाहिले, आणि मग दिसले. उचलला जाणारा गडी आधी गुडघे वाकवून स्वतः उडी घेतो. त्याचा हात उचलणाऱ्याच्या मांडीवर असतो आणि तो तिथून रेटा देतो. एकाने उचललेले नसते; दोघांनी मिळून उचललेले असते. मी कागदावर तो हात काढला आणि चित्र उभे राहिले.

त्या दिवशी माझा भ्रमनिरास व्हायला हवा होता. तो झाला नाही. उलट तोपर्यंत मी फक्त जिंकणाऱ्याकडे पाहत होते, ती त्या दिवसापासून पडणाऱ्याकडे पाहू लागले. आणि या कलेचे सगळे मर्म तिथे आहे, असे माझे मत झाले.

आपल्या कुस्तीत पाठ ही लाजेची जागा. मल्ल हवेत असतानाही अंग पिळून पालथा पडायची धडपड करतो, मानेवर सगळे शरीर तोलून धरतो, पण पाठ लागू देत नाही. ढाक असो, कलाजंग असो वा एकलंगी, सगळ्या डावांचे ध्येय एकच, समोरच्याला अस्मान दाखवायचे. या दुसऱ्या कुस्तीत नवशिक्याला पहिला धडा देतात तो पाठीवर पडण्याचा. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके आपटत नाही. श्वास सोडायचा. दोन्ही हात पसरून तळवे जमिनीवर आपटायचे आणि पाठ सपाट सबंध टेकवायची, म्हणजे आघात एका जागी न बसता सगळ्या अंगभर वाटला जातो. खाली असते ती लोखंडी चौकटीवरची फळी, वर पातळ गादी आणि कापड. आवाज मोठा होतो, लागते त्या मानाने कमी, पण लागतेच. असे शंभरदा, हजारदा पडून मल्लाची पाठ, मान, गुडघे कायमचे निकामी होतात. तालमीत जी गोष्ट एकदा झाली तर माणूस महिनाभर तोंड दाखवीत नाही, ती इथे रोजची भाकरी आहे.

आणि हे पडणे एकट्याचे नसते. पडणाऱ्याने आपले अंग पाडणाऱ्याच्या हवाली केलेले असते. पाडणाऱ्याचा हात वितभर चुकला तर मान मोडायची. प्रेक्षकाला जे वैर दिसते त्याच्या आत विलक्षण विश्वास असतो. डोळ्यांना शत्रुत्व आणि हातांना मैत्री, असे हे दुहेरी नाट्य आहे. ते साधले नाही म्हणजे कुस्ती पोरखेळ वाटते. साधले म्हणजे शहाणी माणसेही खुर्चीवरून उठतात.

उदाहरणादाखल एकच कुस्ती घेते. ३० मार्च २००८, अमेरिकेतले ऑर्लँडो शहर. रिक फ्लेअर वयाची एकोणसाठ वर्षे ओलांडलेला. त्याने हयातभर गर्विष्ठ, लबाड विजेत्याची भूमिका केली. गावोगाव जाऊन तिथल्या मल्लाला आपल्याविरुद्ध असे लढू द्यायचे की हरूनही तो मल्ल गावाला मोठा वाटावा, हे त्याचे खरे काम. आता अट अशी की पुढची कुस्ती हरला की त्याने निवृत्त व्हायचे. समोर शॉन मायकल्स, त्याला लहानपणापासून दैवत मानणारा. निकाल काय लागणार हे सर्वांना ठाऊक होते. शेवटची लाथ मारायला मायकल्स कोपऱ्यात उभा राहतो आणि त्याच्याने ती मारवत नाही. फ्लेअर रडतो आहे, पाय लटपटत आहेत, पण तो मुठी वर करून मार म्हणून त्याला खुणावतो आहे. मायकल्स ओठांतल्या ओठांत क्षमा मागितल्यासारखे काही पुटपुटतो, आणि लाथ मारतो. फ्लेअर पाठीवर पडतो. पंच तीन आकडे मोजतो. जिंकलेला मायकल्स खाली वाकून म्हाताऱ्याला कवटाळतो आणि घाईघाईने निघून जातो, टाळ्या त्याच्या एकट्यासाठी ठेवून.

या व्यवसायातला एक जुना संकेत आहे. जाणाऱ्याने हरून जावे. आपले नाव, आपला दरारा, इतक्या वर्षांची कमाई मागे राहणाऱ्याच्या पदरात टाकून जावे. आपल्याकडे साहित्यात आणि संगीतात किती वडीलधाऱ्यांना हे जमते, ते वाचकांनीच आठवून पाहावे. फ्लेअरलाही ते शेवटपर्यंत जमले नाही. पुढे तो दुसऱ्या मंडळ्यांतून पुन्हा कुस्तीत उतरला आणि त्या सुंदर शेवटाला गालबोट लागले. पण त्या रात्रीचे पडणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. अश्रू ठरवून आले असतील. लाथ ठरवून बसली. पण एका माणसाने आपले आयुष्य दुसऱ्याच्या हवाली केले, ते कसे खोटे असेल?

आता एक दुसरी कुस्तीगीर, आपल्याच भूमीवर कुस्त्या खेळलेली. हमीदा बानू हे नाव आजीच्या पिढीला ठाऊक होते, आम्ही विसरलो. ती मूळची उत्तर प्रदेशातली, 'अलीगढची अ‍ॅमेझॉन' म्हणून प्रसिद्ध. १९५४ साली तिने जाहीर केले की मला हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्याला तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. पण आपल्या महाराष्ट्राने तिचे काय केले? कोल्हापुरात तिने शोभासिंग पंजाबी या पुरुष मल्लाला हरविले, तेव्हा जमावाने तिची हुर्यो उडविली आणि दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. ही कुस्ती म्हणजे फार्स आहे, असे लोक ओरडत होते. पुण्याला रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची कुस्ती तालीम संघाच्या विरोधामुळे रद्द झाली. तिच्या कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आले ते असे की बंदी ती बाई आहे म्हणून नव्हे, तर तिच्यापुढे नकली प्रतिस्पर्धी उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून.

हे वाचले तेव्हा मी थबकले. त्या कुस्त्यांचा निवाडा करणे हा माझा विषय नाही. माझा मुद्दा असा की 'खोटे' हा शब्द कोणाविरुद्ध वापरला जातो ते पाहावे. दारासिंगांच्या कुस्त्यांबद्दलही कुजबूज होतीच, माझ्याच घरात होती. पण त्यांच्या वाट्याला टाळ्या आल्या, चित्रपट आले, पुढे हनुमानाची गदाही आली. हमीदा बानूच्या वाट्याला दगड आले. पुरुषाची पाठ बाईने लावली हे डोळ्यांना सोसेना, आणि जे सोसत नाही ते खोटेच असले पाहिजे, असा निकाल जमावाने दिला. शेवटची वर्षे तिने कल्याणला दूध विकून काढली. १९८६ साली ती वारली. भाईंदरहून कल्याण ते किती लांब! मी तेव्हा पाळण्यातून नुकतीच उतरले होते.

सुट्टीत गावी गेले की तालमीच्या दारातून आत डोकवायची मला फार इच्छा होई. आत जायची सोय नव्हती. बाईमाणसाने तालमीत पाऊल टाकायचे नाही. माझा धाकटा भाऊ आत जाऊन माती अंगाला फासून येई, आणि त्याला कुस्तीची काडीची आवड नव्हती. मला ज्या खऱ्या कुस्तीने दाराबाहेर उभे केले, तिच्यापेक्षा ज्या लुटुपुटीच्या कुस्तीने घरात बसू दिले ती मला जवळची वाटली, यात नवल नाही. १९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची महिलांसाठीची पहिली गदा द्यायला २०२३ साल उजाडावे लागले. सांगलीला झालेल्या त्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी जिंकली, आणि अंतिम फेरीत तिच्यापुढे होती ती वैष्णवी पाटील, कल्याणची. गावाचे नाव वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले.

परदेशी कुस्तीची आरती ओवाळायची म्हणून मी हे लिहीत नाही. तिचे दोष डोंगराएवढे आहेत. माझ्या तरुणपणी त्या चौकटीत बायका होत्या त्या बहुधा शोभेसाठी. ते पाहताना मी मान फिरवीत असे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्याची शेवटची, मानाची कुस्ती बायकांच्या वाट्याला आली ती २०१९ साली. परदेशी मल्ल म्हटला की तो रानटी किंवा कपटी, हे तिथले ठरीव चित्र. आपल्या हिमाचलातल्या दलीपसिंग राणा यांना, म्हणजे खलीला, तिथे पहिल्यांदा आणले ते राक्षस म्हणूनच. आणि मल्ल कंपनीचा नोकर नसतो, 'स्वतंत्र कंत्राटदार' असतो. मोडलेली पाठ त्याची त्याने सांभाळायची.

सर्वांत काळी रात्र २३ मे १९९९ ची. कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट या मल्लाला छतापासून दोरीने खाली उतरवायचे होते. कडी सुटली आणि तो चौकटीत कोसळून मरण पावला. घरी दूरदर्शनवर पाहणाऱ्यांना समालोचकाने सांगितले की हा खेळाचा भाग नव्हे. स्टेडियममध्ये बसलेल्या हजारोंना त्या वेळी कोणी काही सांगितले नाही. आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला! सोंग आणि फसवणूक यांच्यामधली रेघ मी वर ओढली, ती त्या रात्री कंपनीने पुसून टाकली. माणूस खरोखर पडला असताना प्रेक्षकांना टाळ्या वाजवीत बसू देणे, हे मला खोटेपणाचे शेवटचे टोक वाटते. त्यानंतर वर्षभर मी ती कुस्ती पाहिली नाही.

तेव्हा 'हे खरे की खोटे' असे न विचारता तीन प्रश्न विचारावेत, असे माझे मत बनले आहे. पाहणाऱ्याला सोंग हे सोंग म्हणून ठाऊक आहे का? पाडणाऱ्याने पडणाऱ्याची काळजी घेतली का? आणि पडणाऱ्याच्या पडण्याला काही मोल मिळाले का? या तिन्ही कसोट्यांना उतरलेली ठरीव कुस्ती मला कपटाने जिंकलेल्या निकाली कुस्तीपेक्षा खरी वाटते.

हे मत बनण्यात अण्णांचाही वाटा आहे, आणि तो कसा ते सांगून थांबते. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळे घरात कोंडलेले. अण्णा पंचाहत्तरीकडे झुकलेले, पेपर येणे बंद, त्यामुळे तोंडापुढे धरायलाही काही नव्हते. एका दुपारी मी मोबाइलवर ती फ्लेअरची कुस्ती पाहत होते. अण्णा शेजारी येऊन बसले. बोलले काहीच नाहीत. संपल्यावर म्हणाले, "पुन्ना लाव." पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "थोरला मस्त पडला."

बराच वेळ गेला आणि अण्णा सांगू लागले. सतरा वर्षांचे असताना शेजारच्या गावच्या जत्रेत त्यांची जोड लागली ती मैदान भरविणाऱ्या बड्या माणसाच्या पुतण्याशी. वस्तादांनी कानात सांगितले, पंधरा मिनिटे खेळव आणि पाठ दे. वस्तादांचा शब्द मोडायचा नसतो. "त्याच्या ढाकंत जीव नव्हता गं," अण्णा म्हणाले. "मीच उडालो. तो खाली यायला लागला तसा मी त्याला अंगावर घेतला, न्हाईतर त्याचाच खांदा गेला असता." हलगी कडाडली, लोकांनी फेटे उडविले, पुतण्याला खांद्यावर घेतले. अण्णांच्या हातात चाळीस रुपये पडले. पुढच्याच वर्षी ते मुंबईला आले आणि त्यांनी पुन्हा लांग कसली नाही. पन्नास-पंचावन्न वर्षे त्यांनी हे आईलादेखील सांगितले नव्हते.

मी काय बोलणार! त्या मैदानावरच्या लोकांनी निकाली कुस्ती म्हणून पैसे टाकले होते. ती फसवणूकच होती, आणि अण्णांना तिची आयुष्यभर लाज वाटली हे योग्यच झाले. माझ्या पहिल्या कसोटीला त्यांची कुस्ती उतरत नाही. पण दुसरी कसोटी? मी विचारले, "त्याला लागलं नाही ना?" अण्णा ताठ बसले. "त्याला? खरचटलंसुद्धा न्हाई." तो स्वर मी ओळखला. हिंदकेसरीची नावे घेताना त्यांचा लागे तोच होता. लुटुपुटीची म्हणून ते इतकी वर्षे जिला हिणवीत आले, ती कुस्ती त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली कळत होती. वरळीला दोन-तीनदा जाऊन त्यांनी जाणे का सोडले, हेही मला त्या दुपारी उमगले.

त्या सहावीतल्या मुलीला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. म्हटले, "ठरलेलं असतं, पण म्हणून तू रडलीस ते चुकलं नाही. पुढच्या वेळी जो पडतो त्याच्याकडे बघ. तो कसा पडतो ते बघ, आणि मला काढून दाखव." मुले गप्प झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने चित्र आणून दिले. एका कोपऱ्यात आकाशकंदील, कारण विषय दिवाळीचा होता. मधोमध चौकट, आणि चौकटीत पाठीवर पडणारा मल्ल. हात पसरलेले, तळवे खाली, आणि हनुवटी छातीला टेकलेली. कोणी सांगितले नव्हते, तिने पाहून काढली होती.

दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला, कारण पाडणाऱ्याच्या पायांवर वजन आलेले नव्हते.